बुरशीबाई आणि झेंडू

माणसं चिडली की त्यांचा आवाज चढतो. बुरशीबाईंचा उतरायचा. राग जेवढा मोठा तेवढा आवाज बारीक, आणि फारच रागावल्या तर त्या इतकं हळू बोलायच्या की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागायचं. आमच्या कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, "बाई वरडल्या तर बरं. हळू बोलाय लागल्या की मेलो आपण." मी त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलं. माझा आवाज मात्र पहिल्यापासून चढा, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर तो खाली येईल अशी आशा नाही. तेव्हा हे सगळं मी वरच्या पट्टीतच सांगणार आहे. कोणाला खटकलं तर खटकू दे.

कारखाना पौड रस्त्याला होता, भूगाव-भुकूम मागे टाकून पुढे गेलं की. पत्र्याच्या तीन शेड, एक बॉयलर आणि चहूकडे भाताची खाचरं. सत्तरच्या दशकाचा शेवट तो. आज तिथे जे इमारतींचं रान माजलंय त्यातलं काही नव्हतं. आम्ही तिथे बुरशी वाढवायचो. होय, बुरशी. गव्हाचा कोंडा भिजवून वाफवायचा, ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये पसरायचा, त्यात एका ठरावीक बुरशीचं बी मिसळायचं आणि ट्रे उबदार, दमट खोलीत ठेवायचे. दोन-तीन दिवसांत कोंड्यावर पिवळट हिरवी लव धरायची. ही बुरशी एक एन्झाइम तयार करते, ते पिठूळ अन्न पचवतं. ते काढून, वाळवून त्याची पूड करायची. उत्तम पूड औषधवाल्यांकडे जायची, लहान मुलांच्या पाचक सिरपसाठी. जरा कमी प्रतीची माल्ट आणि ग्लुकोजवाल्यांकडे. मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भाकरीला आली की आपण फेकतो तीच ना? आणि तिचा तुला पगार देतात?"

मी ट्रेच्या शेडवर देखरेख करायची. बुरशीचं बी सांभाळायचं काम बाईंचं, म्हणून त्या बुरशीबाई. त्यांची कल्चरची खोली दहा बाय बाराची, पांढऱ्या टाइल्सची. आत एक फ्रिज, एक इन्क्युबेटर आणि कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या नळ्या. त्या नळ्यांत आमची मूळ बुरशी असायची. बायका तिला विरजण म्हणायच्या, आणि ते अगदी बरोबर होतं, कारण ती बिघडली की सगळे ट्रे गेले. ती परदेशातून आणलेली. पुन्हा मागवायची तर अर्ज, परवाने आणि सहा-सहा महिने. त्या खोलीला किल्ल्या दोन. एक बाईंच्या कमरेला, दुसरी अडीनडीला म्हणून माझ्याकडे.

बाईंचे नियम म्हणजे एक प्रकरण होतं. कल्चरच्या बोळात शिरण्याआधी भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती. सकाळी आलेल्या प्रत्येक बाईने केसातला गजरा काढून तिथे टांगायचा आणि संध्याकाळी घेऊन जायचा. पाहुणेमंडळी विचारायची, हे काय, देऊळबिऊळ आहे का? फुलं आत नाहीत, पानं नाहीत, धान्य नाही, ताकाची बाटली नाही. हळदीचे हात तर मुळीच नाहीत, कारण हळदीने बुरशी मरते. भुकूमची हौसाबाई एकदा भाचीच्या हळदीहून तशीच पिवळ्या हातांनी कामावर आली. बाईंनी हात बघितले. "भाचीला माझा आशीर्वाद सांग. आज ट्रेला हात न्हाई लावायचा, पोती शिवाय बस." हौसाबाई फुरंगटली. तशी बाईंनी दोन ट्रे मागवले, एकात चिमूटभर हळद टाकली, दुसऱ्यात नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिला बोलावून दोन्ही दाखवले. "माझ्या शब्दावर जाऊ नगंस. तुझ्या डोळ्यांनी बघ."

डोळ्यांनी बघ, हे त्यांचं पालुपद होतं. कोंडा चाळणाऱ्या बायकांना आपण नक्की काय करतो हे कळलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. त्यांनी एकदा सगळ्यांना गोळा करून दोन भांड्यांत तांदळाची पेज घेतली, एकात आमची पूड घातली, आणि अर्ध्या तासाने दोन्हींत जखमेवर लावतात ते आयोडीन टाकलं. साधी पेज निळीशार झाली. दुसरीत रंगच चढला नाही. "निळं झालं न्हाई, म्हंजी पीठ पचलं. पोराच्या पोटात असंच पचतं." आमच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, हे आवडलं नाही. कामगारांना कशाला शिकवत बसता, म्हणाले. बाई म्हणाल्या, "ज्याला कळतं तो हात धुतो साहेब. ज्याला कळत नाही तो फक्त मी बघत असताना धुतो."

बाई मुळशीतल्याच, पौडच्या पलीकडच्या एका गावच्या. तिथल्या बौद्धवस्तीत त्यांचं घर. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पुण्यात राहून एम.एस्सी. झालेल्या. आमच्या कारखान्यात त्यांच्याइतकं शिकलेलं कोणी नव्हतं, साहेबसुद्धा नाहीत. जेवताना त्या डबा मधोमध उघडून ठेवायच्या, पण कोणालाही 'घ्या' म्हणायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, असं का? तर म्हणाल्या, "घ्या म्हटलं की माणसाला खोटं बोलावं लागतं. उपास आहे, पोट बिघडलंय. कशाला बिचाऱ्यांना त्रास द्यायचा?" आणि हसल्या. मी त्यांच्या डब्यातली करडईची भाजी खायची आणि सुकटीची चटणी हळूच पुढे ढकलायची. मला त्या फार आवडायच्या. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

तर खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात बॉयलरची पूजा, वजनकाट्याची पूजा, ट्रकला माळ, सगळं रीतसर. फक्त कल्चरच्या खोलीला नाही. "माझं भांडण देवाशी नाही, झेंडूशी आहे," बाई दरवर्षी सांगायच्या. झेंडूवर, आंब्याच्या पानांवर, अक्षतांच्या तांदळात सुईच्या टोकाएवढे किडे असतात. ते कापसाच्या बोळ्यातून नळीत शिरतात, एका नळीतून दुसरीत हिंडतात आणि पायाबरोबर जगभरची घाण घेऊन जातात. हे त्या भिंगाखाली दाखवायला तयार असायच्या. बघायला कोण येतंय! मागे कुजबुज मात्र व्हायची. त्यांच्यात नसतं ना आपलं देवाबिवाचं, म्हणून अडवतात. शिकलेली, चष्मे लावलेली माणसं हे बोलायची, आणि मी ते ऐकून चहा प्यायची. आज आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

त्या वर्षी निर्जंतुक हवेचं एक नवं कपाट कल्चरच्या खोलीत आलं होतं. दसऱ्याला बाईंच्या वडिलांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं होतं, त्यांना घेऊन जायला बाईंनी रजा घेतली. निघताना मला म्हणाल्या, "तीनच दिवस, कुंदा. नळ्यांना खायला-प्यायला काही लागत नाही. दार उघडू नकोस, बस." मी म्हटलं, "जा हो तुम्ही बिनघोर, मी आहे ना." मी आहे ना! काय तोंड होतं माझं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, ताट घेऊन आल्या. बॉयलर झाला, काटा झाला. मग म्हणाल्या, "नवं यंत्र आलंय आणि त्याला हळदकुंकूसुद्धा नाही? कुंदा, किल्ली तुझ्याकडे आहे ना? तू सवाष्ण, तूच ओवाळ." मी कारण सांगायला तोंड उघडलं. त्या हसून म्हणाल्या, "ती तिकडे तिच्या कार्यक्रमाला गेली ना? मग आपण आपलं करायला काय हरकत आहे?" आणि मी दार उघडलं. मला कोणी धमकावलं नाही, दरडावलं नाही. सगळ्यांसमोर वहिनींनी मला मान दिला आणि मी त्याला भुलले, इतकी ती साधी आणि हलकट गोष्ट आहे. मी कपाटाला माळ घातली, इन्क्युबेटरला आंब्याची डहाळी बांधली, अक्षता टाकल्या. हौसाबाई दारात उभी होती. केसात गजरा नव्हता तिच्या; तिने तो सवयीने खिळ्याला टांगला होता.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी माळ काढली, फरशी पुसली, वरून फिनेल शिंपडलं. बाई आल्या आणि आल्या आल्या म्हणाल्या, "फिनेल कशाला?" मी म्हटलं, "जरा धूळ दिसली." येताना त्यांनी नागपूरची संत्रा बर्फी आणली होती. मी दोन तुकडे खाल्ले.

तीन आठवड्यांनी ट्रे बिघडायला लागले. हिरव्या लवेत काळे ठिपके, मग राखाडी चट्टे. पेजेत पूड टाकावी तर पेज आयोडीनने निळीच होई. औषधवाल्यांनी माल परत पाठवला. बाईंनी मूळ नळ्या भिंगाखाली धरल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, "बघ." नळीतल्या आगरवर, म्हणजे बुरशीच्या खाद्याच्या थरावर, नागमोडी वाट उमटली होती, आणि वाटेच्या टोकाला एक पांढरा किडा चालत होता. बाईंनी विचारलं, "फुलं कोणी आणली होती?" हे त्या इतकं हळू म्हणाल्या की मला पुढे वाकावं लागलं. मी म्हटलं, "मला काय माहीत?"

साहेबांनी केबिनमध्ये बैठक घेतली. बाई, मी आणि ते. साहेब गोड बोलायचे. गोड बोलणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून चीड आहे. म्हणाले, "बाई, तुमच्या हुशारीचा प्रश्नच नाही. पण स्वच्छता ही घरातून यावी लागते. तुम्ही रोज वस्तीवरून येता. कपड्यांवरून, केसांवरून काय काय येत असेल, तुम्हाला तरी कसं कळणार?" ज्या बाईने सहा वर्षं त्या खोलीची प्रत्येक टाइल स्वतःच्या हाताने स्पिरिटने पुसली, तिला हे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी मुकाट बसून राहिले. बाई म्हणाल्या, "साहेब, हे किडे धान्या-फुलांतले आहेत. माझ्या केसांत तांदूळ नसतात." साहेबांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. बाईंनी पुन्हा सांगितलं नाही. मग साहेब माझ्याकडे वळले. खोलीत दुसरं कोणी गेलं होतं का? "नाही," मी म्हटलं. त्यांनी तसं टाइप करून घेतलं आणि मी खाली सही केली.

बाहेर हौसाबाई थांबली होती. तिने मला ट्रेच्या शेडमागे ओढलं. "ताई, तुमी बोला. आमी बोललो तर आमचं कोन ऐकतंय? बाईंचं नाव खराब व्हतंय." मी म्हटलं, "बघते." काय डोंबलाचं बघत होते मी? नोकरी जाईल ही भीती होती, हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मला वहिनींच्या, साहेबांच्या, सगळ्यांच्या नजरेत चांगलं राहायचं होतं. बाईंच्या नजरेत मी आधीच चांगली होते, म्हणून तिथे मला घाई नव्हती.

बाई पंधरा दिवस खोलीत कोंडून घेतल्यासारख्या राबल्या. खोली धुरी देऊन बंद केली, मग उघडली. बिघडलेल्या नळ्यांतून बुरशीचे सुटे कण वेगळे केले, एकेक वाढवला, प्रत्येकाची पिठावर परीक्षा घेतली. शेकडो बशा. ज्या बुरशीभोवती आयोडीनचा निळा रंग चढत नाही आणि रुंद पांढरं कडं दिसतं, ती आपली. शेवटी अशी एक सापडली, स्वच्छ, पहिल्यासारखी ताकदवान. तिच्या बारा नळ्या त्यांनी केल्या. एका सोमवारी त्या नळ्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि शेजारी राजीनामा. साहेबांनी नळ्या ठेवून घेतल्या, राजीनामाही ठेवून घेतला. थांबा असं एका शब्दाने म्हणाले नाहीत.

मी त्यांना एस.टी.च्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. निर्लज्जपणाच तो. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा बाई म्हणाल्या, "किल्ल्या दोनच होत्या, कुंदा. नळी भिंगाखाली धरली त्या दिवशीच मला कळलं. मी पंधरा दिवस वाट बघितली."

"मग तुम्ही साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला पुन्हा विचारलं असतं. आणि तू पुन्हा नाही म्हणाली असतीस. ते दुसऱ्यांदा मला बघायचं नव्हतं."

गाडी आली, त्या चढल्या. खिडकीतून हातबित काही केला नाही.

त्यांची जागा मला मिळाली. हसू नका, खरंच मिळाली. पुढच्या खंडेनवमीला वहिनी ताट घेऊन बोळात आल्या. मी दार लावून समोर उभी राहिले आणि सांगितलं की फुलात, तांदळात किडे असतात, ते नळ्यांत शिरतात, कल्चर जातं. दोन मिनिटांत सांगून झालं. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, असं आहे होय! शास्त्रीय कारण आहे म्हणजे. मग बाहेरूनच करू या." संपलं! त्यांनी उंबऱ्यापासून चार हात लांब कुंकवाचं बोट टेकवलं आणि वळल्या. माझा तोल गेला. मी म्हटलं, "हेच बाई सहा वर्षं सांगत होत्या."

"त्यांचं वेगळं होतं गं."

"काय वेगळं होतं?"

त्या ताटातली फुलं सारखी करायला लागल्या. मी म्हटलं, "वहिनी, त्या वेळी दार मी उघडलं होतं. त्यानेच कल्चर गेलं."

"हो, माहीत आहे की. मीच नाही का तुला सांगितलं उघडायला? जाऊ दे, आता काय त्याचं." आणि त्या ट्रककडे गेल्या. म्हणजे बाईंवर आळ आला तेव्हा त्यांनाही सगळं माहीत होतं. आम्ही दोघी चांगल्या घरच्या बायका, आणि दोघीही गप्प बसलो होतो.

मी त्या रविवारी सगळं कागदावर लिहिलं, सही केली आणि बाईंच्या गावी गेले. त्या पौडच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या होत्या. अंगणात खाटेवर त्यांचे वडील पेपर वाचत होते. बाईंनी चहा दिला, कागद वाचला, घडी करून माझ्या हातात परत दिला. "यातलं मला सगळं माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना दे." मग म्हणाल्या, "ट्रे कसे येतात?" मी म्हटलं, "चांगले येतात." त्या म्हणाल्या, "थंडीत ऊब एक अंश वाढव. ही बुरशी जरा सावकाश आहे."

कागद घेऊन मी परत आले. साहेबांकडे द्यायचा म्हणून आठवडाभर पर्समध्ये बाळगला. मग कपाटात ठेवला. मग कारखाना बंद झाला. बाईंच्या त्या बारा नळ्यांवर मी एकोणीस वर्षं पगार घेतला, मुलं शिकवली, कोथरूडला घर केलं. मधल्या काळात साहेब गेले, वहिनी गेल्या, आणि मी दर वेळी मनात म्हटलं की आता कोणाला द्यायचा?

गेल्या वर्षी बाई गेल्या. पौडला त्यांच्या विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली होती. हॉल भरला होता, डॉक्टर झालेले, शेती करणारे, नोकरीवाले, सगळे आले होते. एक गृहस्थ भाषणाला उठले. भला माणूस. म्हणाले, "बाई आधी एका कारखान्यात होत्या. तिथे त्यांच्या हातून काहीतरी मोठी चूक झाली, हलगर्जीपणा म्हणा, नोकरी सोडावी लागली. पण त्या खचल्या नाहीत." लोक हळहळले. चाळीस वर्षं झाली, आणि माझी सही केलेलं ते खोटं त्या बाईच्या फोटोसमोर, तिच्याच मुलांच्या तोंडून, कौतुक म्हणून बोललं जात होतं.

मी उठले. माइकबिइकची मला गरज नाही. "चूक त्यांच्या हातून झाली नाही," मी ओरडले. "त्या गावाला गेल्या असताना खोलीचं दार मी उघडलं. फुलं मी आत नेली. विचारलं तेव्हा नाही म्हणाले, आणि तशी सहीही केली. त्यांनी ते सगळं निस्तरलं आणि मग त्या गेल्या. लिहून घ्यायचं असेल तर लिहून घ्या."

पुढच्या रांगेतून एक म्हातारी वळली. पदर सारखा करत तिने मला नीट न्याहाळलं, आणि मी तिला ओळखलं. हौसाबाई होती.

"येवडी वर्सं लागली व्हय, ताई?" ती म्हणाली.

"हो, हौसाबाई," मी म्हटलं. "लागली."